काही उगवलं नाही

सोमवारी इतवारीतून अंडी येतात.
साबणाने धुते, स्पिरिटने पुसते,
काचेच्या भांड्याच्या काठावर एकेक फोडते,
घरी फोडते तशीच. अंडं फोडायची दुसरी रीत नाही.
मग मीठ, मग हिरवा रंग,
मग वाफेवर, आडव्या नळ्यांत, ते थिजतं
विहिरीच्या पायरीवरच्या शेवाळासारखं.

हे जेवण क्षयाच्या जंतूचं.
खवय्या आहे, आणि आळशी.
एकाचे दोन व्हायला त्याला दिवस लागतो.
आठ आठवडे मी त्याची वाट बघते
सदतीस अंशांच्या पेटीत निजवून.
मे महिन्यात, बाहेर शेहेचाळीस,
मेडिकलच्या गेटाशी रिक्षावाले ओले दुपट्टे बांधून बसलेले,
तेव्हा अख्ख्या नागपुरात सुखात तोच असतो.
वीज गेली की आधी त्याच्यासाठी जनरेटर धडधडतो.

प्रत्येक नळीत एकेक औषध कालवलेलं.
ज्या नळीत तो उगवला, ते औषध गेलं.
इथे सुपीक म्हणजे वाईट,
रिकामी ओटी शुभ.
सव्वीस वर्षं किती आनंदाने लिहीत आले:
काही उगवलं नाही.
घरी हेच वाक्य दुसऱ्या अर्थाने ऐकलंय,
ते जाऊ द्या.

वर्षातून एकदा पार्सल येतं परदेशातून.
आत वीस कुप्या, नावं नाहीत, आकडे.
असेच वीस डर्बनमध्ये उघडतात, लिमात, मनिलात,
आणि एकमेकांना कधी न पाहिलेले आम्ही
एकाच परीक्षेला बसतो.
यंदा अकरावी कुपी कशालाच बधली नाही.
चारही नळ्यांत भरघोस, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी.
कुणाच्या छातीतून आली असेल?
तो माणूस आता असेल का?
जेवताना मध्येच आठवतं.

मला माणसं आकड्यांनीच माहीत.
एकदाच, नमुने आणणारा पोरगा आला नव्हता
आणि तांडापेठेतून ४४१७ स्वतःच आली,
डबी पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत.
हर्षलता निमजे. सासरे लूमवर, ही कांड्या भरते.
औषधाने चेहरा काळवंडलेला, जुन्या तांब्याचा.
"उतरते म्हनते डाक्टर," मी न विचारताच म्हणाली.
मग तिला ट्रे दिसले.
"एवढ्या अंड्याइचं काय करता जी?"
मी खरं ते सांगितलं.
ती हसली, इतकी की खोकला आला,
आणि मी अर्धं पाऊल मागे सरले.
तिने ते पाहिलं.
"मले रोज दोन खा म्हनते. घरी पाच जनाइत एक येते.
अन् त्याले तुम्ही आयतं फोडून चारता.
काऊन बाई, त्याले नजर नाही लागत कोनाची?"

त्यानंतर दर शुक्रवारी तिची नळी उजेडापुढे धरली.
हिरवं. हिरवं. नुसतं हिरवं.
सहाव्या शुक्रवारी तळाशी पिवळसर ठिपका.
श्वास धरून अंगठा फिरवला,
डाग बाहेरून होता, काचेवर.
आठव्या शुक्रवारी लिहिलं: काही उगवलं नाही.
असं अजून कितीदा लिहावं लागेल,
ते रजिस्टरला माहीत नसतं, मलाही नाही.
सही केली, कोपरापर्यंत हात धुतले.

ट्रेमध्ये दोन अंडी उरली होती.
रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली.
ऑटोवाल्याने विचारलं, कुठे?
तांडापेठ, म्हणाले.
मेडिकल चौक ओलांडल्यावर म्हणाले,
नको, घरीच घ्या.